अनामिकेचे सात टक्के

गेल्या वर्षी आमच्या टीमकडे एका विमा कंपनीचं काम आलं. कामगार नुकसानभरपाईच्या पॉलिसीवर दावा आला की रक्कम काढून देणारं मॉड्यूल नव्यानं लिहायचं होतं. जुनं कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेलं आणि लिहिणारा केव्हाच कॅनडाला गेलेला. माझ्या हाती दोन फाइली आल्या. एकीत वयं आणि त्यांच्यापुढे गुणक. दुसरीत माणसाच्या शरीराचे भाग आणि त्यांच्यापुढे टक्के. अंगठा 30. तर्जनी 14. मधलं बोट 12. अनामिका किंवा करंगळी 7. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर 40.

कोड तपासायला काहीतरी आकडे घालावे लागतात, म्हणून मी स्वतःलाच घातलं. वय 28, गुणक 211.79. पगार कितीही असला तरी 2020पासून हिशेबात 15,000च धरतात. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या 60 टक्के गुणिले गुणक, म्हणजे 19,06,110 रुपये. मेलो तर 50 टक्के, म्हणजे 15,88,425. (मेलेला माणूस जेवत नाही, एवढाच याचा अर्थ मला लागला.) फक्त अंगठा गेला तर 5,71,833. तिन्ही आकडे एक्सेलशी जुळले, चाचणी हिरवी झाली आणि मी चहाला गेलो.

चहा पिताना आजोबांचं बोट आठवलं.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. 1968 साली चालू मशीनमधला कापूस काढताना त्यांच्या उजव्या हाताची अनामिका गेली. आम्हा नातवंडांना ते बोट कावळ्यानं नेलं असं सांगत, आणि सहा-सात वर्षांचा होईपर्यंत मी कावळ्यांना घाबरून होतो. या बोटाचे दरमहा थोडे पैसे ईएसआयकडून यायचे. घरात त्याला 'बोटाची पेन्शन' म्हणत. 1982च्या संपात आजोबांची नोकरी गेली, खोली विकून ते साताऱ्याकडे गावी परतले, पण बोटाचे पैसे 2011 साली ते जाईपर्यंत येत राहिले. आजी अजूनही सांगते, 'गिरणीनं दिलं ते सगळं गेलं, गिरणीनं घेतलं त्याचंच तेवढं मिळत राहिलं.'

ते सात टक्के माझ्या फाइलीत होते. ते तिथं कुठून आले, हे शोधायला मी लागलो आणि महिनाभर त्यातच अडकलो.

गोष्टीचं एक टोक इंग्लंडात आहे. चार्ल्स प्रीस्टली नावाचा खाटकाकडे कामाला असलेला पोऱ्या मालाच्या गाडीवरून जात होता. गाडीत माल प्रमाणाबाहेर भरलेला. ती मोडली आणि पोऱ्याची मांडी मोडली. त्यानं मालकावर दावा लावला, ज्यूरीनं 100 पौंड दिले. 1837 साली वरच्या न्यायालयात लॉर्ड अबिंजर यांनी ते काढून घेतले. त्यांचा मुद्दा असा, की हे मान्य केलं तर मोलकरणीनं ओलसर गादी घातली म्हणूनही नोकर मालकाला कोर्टात खेचेल! पुढे यातून नियम रुजला, की सहकाऱ्याच्या चुकीनं कामगाराला इजा झाली तर मालक जबाबदार नाही. चूक मालकाची स्वतःचीच होती हे हात तुटलेल्या माणसानं सिद्ध करायचं, तेही बहुधा त्याच मालकाकडे अजून नोकरीत असलेल्या साक्षीदारांच्या तोंडून.

हा पेच मुळापासून सोडवला बिस्मार्कच्या जर्मनीनं. जुलै 1884च्या अपघात विमा कायद्यानं 'चूक कोणाची' हा प्रश्नच बाजूला ठेवला. कामावर इजा झाली ना, मग पैसे द्या. आणि ते मालकांनी मिळून भरलेल्या विम्यातून द्या. इंग्लंडला हे तत्त्व स्वीकारायला 1897 उजाडलं.

आता दुसरं टोक. जर्मनीत कायदा झाला त्यानंतर जेमतेम दोन-अडीच महिन्यांनी, सप्टेंबर 1884मध्ये, परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. भरवणारे होते नारायण मेघाजी लोखंडे: ठाण्यात जन्मलेले, महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. त्या वेळी मुंबईत फॅक्टरी कमिशन बसलेलं होतं, आणि त्याच्यापुढे ठेवायला सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. लोखंडे म्हटलं की आपल्याला रविवारची सुट्टीच आठवते. ती 1890 साली मिळाली आणि आपण सगळे तिचे लाभार्थी आहोत. पण त्या निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अधू झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी.

मी हे वाचलं तेव्हा दोनदा तारीख तपासली. म्हणजे परळमधले लोक त्याच वर्षी तीच गोष्ट मागत होते, जी बर्लिननं नुकतीच दिली होती. त्यांना बर्लिनची खबर होती की नाही, यानं काही बिघडत नाही. मशीन दोन्हीकडे सारखीच बोटं खात होती.

लोखंडे 1897च्या प्लेगात, लोकांची सेवा करता करता गेले. त्या मागणीचं उत्तर आलं ते 1923 साली आणि लागू झालं 1 जुलै 1924 रोजी. 40 वर्षांनी.

1923चा कायदा वाचताना माझ्यातल्या इंजिनिअरला आधी कौतुक वाटलं. चूक सिद्ध करायची नाही, इजा 'नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात' झाली एवढं दाखवायचं. उरलेलं काम तक्ता करतो. कामगाराच्या मृत्यूला 30 महिन्यांचा पगार किंवा 2,500 रुपये, यांपैकी कमी असेल ते. पूर्ण अपंगत्वाला 42 महिन्यांचा पगार किंवा 3,500. कामावर मेलेलं अल्पवयीन पोर असेल तर सरसकट 200 रुपये. तो पहिला तक्ता तर सावकाश वाचण्यासारखा आहे. उजवा हात कोपरापासून गेला तर 70 टक्के, डावा गेला तर 60. डावखुऱ्यांचा विचार कुणी केलेला दिसत नाही. अंगठा 25, तर्जनी 10, बाकी कुठलंही बोट 5. 1962च्या दुरुस्तीनं हा तक्ता बदलला, डावं-उजवं गेलं आणि अनामिका 5वरून 7वर आली. आजोबांचं बोट सहा वर्षं उशिरा तुटलं म्हणून दोन टक्के जास्त पडले.

आणखी एक कलम मला फार आवडतं. मृत्यूची भरपाई मालकानं थेट विधवेच्या हातात द्यायची नाही. ती आयुक्ताकडे भरायची आणि त्यानं वाटायची. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. कायदा लिहिणाऱ्यांना चाळीतल्या खोलीत शंभराच्या नोटा मोजून, कोऱ्या कागदावर अंगठा कसा घेतात हे नीट माहीत असणार.

पण तक्ता तो तक्ताच. 1968च्या जुलैत ओडिशात एका चित्रपटगृहाचं नक्षीकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. तक्त्याप्रमाणे ही पूर्ण अपंगता नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1975 साली सांगितलं, की एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाचं नुकसान 100 टक्के. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही त्याच निकालात आलं. माझ्या मॉड्यूलमध्ये यासाठी एक चौकोन आहे: 'टक्केवारी हाताने बदला'. तो वापरायला वरिष्ठांची परवानगी लागते.

'नोकरीच्या ओघात' या दोन शब्दांवर तर किती भांडणं झाली! पोरबंदरजवळच्या मिठागराचे कामगार 1952 साली घरी परतताना खाडीत होडी उलटून बुडाले. सर्वोच्च न्यायालयानं भरपाई नाकारली. होडी सार्वजनिक होती, नोकरी मिठागरातच संपली. मुंबईत 1957 साली बेस्टचा एक ड्रायव्हर जोगेश्वरी डेपोत पाळी संपवून बेस्टच्याच बसनं सांताक्रूझला घरी निघाला. बस उभ्या लॉरीवर आदळली आणि तो गेला. इथं मात्र दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं भरपाई मिळाली: बसचा मोफत प्रवास नोकरीचाच भाग होता. कायद्याच्या दृष्टीनं फरक मला समजतो. होडीतल्या माणसांच्या घरच्यांना तो कसा समजावला असेल, हे मात्र सुचत नाही.

सामाजिक सुरक्षा संहितेनं हा प्रश्न थेट मिटवला. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, परिस्थितीचा नोकरीशी संबंध दिसला, तर नोकरीच्याच ओघातला मानायचा. ही संहिता 2020 साली मंजूर झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाली; 1923चा कायदा तिच्यात विरघळला. आमच्या मॉड्यूलमध्ये त्यासाठी 'प्रवासात' हा पर्याय वाढवला, अर्ध्या दिवसाचं काम.

पण याच संहितेत 'गिग कामगार' अशी नवी व्याख्या आहे: पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर राहून कमावणारा. त्याच्यासाठी योजना असतील, त्यांत अपघात विमाही येऊ शकेल; अ‍ॅपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के निधीत द्यायचे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांच्या मर्यादेत. काहीच नव्हतं त्यापेक्षा हे बरंच, हे मी मान्य करतो. फक्त 1923च्या कायद्याचं कलम 12 डोक्यातून जात नाही. मालकानं आपलं नेहमीचं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं, तरी ठेकेदाराच्या माणसाला भरपाई मूळ मालकानंच द्यायची, मग हवं तर ठेकेदाराकडून वसूल करायची. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांना ही पळवाट आधीच दिसली होती. अट एवढीच, की अपघात मालकाच्या ताब्यातल्या आवारात किंवा त्याच्या आसपास झाला पाहिजे. आणि ज्याचं आवार म्हणजे सगळं शहरच आहे, त्याचं काय?

आमच्या सोसायटीत जेवण घेऊन येणारा एक मुलगा आहे, असेल तेवीस-चोवीसचा. पावसाळ्यात त्याची गाडी घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टर असलेल्या हातानं त्यानं माझी बिर्याणी आणून दिली तेव्हा मी अगदी निर्बुद्धपणे विचारलं, 'कंपनीनं काही दिलं का?' तो म्हणाला, 'दादा, दोन दिवस आयडी बंद ठेवली त्यांनी. ऑर्डर कॅन्सल झाली ना तेव्हाची.'

दुसऱ्या दिवशी मी त्याचे आकडे आमच्या मॉड्यूलमध्ये घालून पाहिले. वय 23, गुणक 219.95. पगाराच्या रकान्यात काय लिहायचं याचा थोडा विचार केला, मग 15,000 लिहिले. पुढचा रकाना 'नियोक्त्याचे नाव', आणि तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही. मी तिकीट टाकलं: अशा व्यक्तीसाठी या रकान्यात काय अपेक्षित आहे? क्लायंटकडून तासाभरात उत्तर आलं, 'आउट ऑफ स्कोप, बंद करावे.'

मी बंद केलं. आजीला फोन करून आजोबांचं बोटाच्या पेन्शनचं पुस्तक अजून आहे का विचारलं. ट्रंकेत आहे म्हणाली, रेशनकार्डाच्या खाली. दिवाळीला गेलो की फोटो काढून आणणार आहे.