अद्भुत रहस्यपट

भुताखेतांचा संचार, पुनर्जन्म, शाप यांसारख्या अलौकिक गोष्टी आणि गुन्ह्याचा शोध यांची एकाच कथानकात सांगड घालणाऱ्या चित्रपटांचा एक प्रकार. हे दोन घटक मूलतः परस्परविरोधी आहेत. प्रत्येक घटनेमागे मानवी हात असतो व तो अखेरीस उघड होतो, हे शोधकथेत गृहीत धरलेले असते. अद्भुतकथा नेमके हेच नाकारते. त्यामुळे अशा चित्रपटाला शेवटी एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते : भूत खरे होते, की कोणी तसा बनाव केला होता? मुंबईच्या हिंदी चित्रपटांनी, विशेषतः १९४९ ते १९६४ या काळात, या प्रश्नाची जी उत्तरे दिली ती पाश्चात्त्य चित्रपटांतील उत्तरांहून बरीच वेगळी आहेत.

पाश्चात्त्य परंपरेत रॉबर्ट व्हीनेचा ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ (१९२०) हा जर्मन मूकपट महत्त्वाचा. जत्रेत खेळ दाखविणारा एक संमोहक निद्राभ्रमण करणाऱ्या तरुणाकरवी खून करवितो आणि मृताचा मित्र त्याचा माग काढतो. कापडावर रंगविलेल्या वाकड्यातिकड्या घरांच्या व सावल्यांच्या नेपथ्याने हे सारे जग दुःस्वप्नासारखे भासते. शेवटी माग काढणारा निवेदक स्वतःच मनोरुग्ण असून ‘खुनी’ हा त्या रुग्णालयाचा प्रमुख असल्याचे कळते. मूळ संहितेतील सत्ताविरोधी आशय या चौकटीमुळे उलटा झाला, असे मत झीगफ्रीट क्राकाउअरने १९४७ मध्ये मांडले व ते दीर्घकाळ मान्य होते. पुढे नट वेर्नर क्राउस याच्याजवळची संहितेची प्रत उपलब्ध झाली, तेव्हा तीतही निवेदनाची चौकट होती, मात्र ती वेगळी होती, असे आढळले. अमेरिकेत रहस्याची उकल अधिक व्यवहारी राहिली. टॉड ब्राउनिंगच्या ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ (१९२७) या आज अनुपलब्ध असलेल्या चित्रपटातील रक्तपिपासू पिशाच हे खुन्याला पकडण्यासाठी रचलेल्या नाटकातील पात्र होते.

जर्मन छायाप्रकाशाची ही जाण मुंबईत आली ती व्यक्तींच्या द्वारा. म्यूनिकचा छायालेखक योझेफ व्हिर्शिंग हा हिमांशु राय यांच्या ‘द लाइट ऑफ एशिया’ (१९२५) या मूकपटासाठी भारतात आला होता आणि पुढे मालाडच्या बाँबे टॉकीजमध्ये स्थिरावला. दुसऱ्या महायुद्धात तो स्थानबद्धतेत होता. सुटकेनंतर त्याने कमाल अमरोही दिग्दर्शित ‘महल’ (१९४९) या चित्रपटाचे छायालेखन केले. ओसाड वाड्याचा नवा मालक शंकर (अशोककुमार) तेथील जुन्या तसबिरीत स्वतःचाच चेहरा पाहतो आणि गतजन्मीची प्रेयसी कामिनी (मधुबाला) त्याला दिसू लागते. त्याची पत्नी विष घेते, खुनाचा आळ त्याच्यावर येतो आणि न्यायालयात कामिनी ही माळ्याची मुलगी आशा असल्याचे उघड होते. रहस्यपट येथे संपावयास हवा. पण भूत खोटे ठरूनही शंकर त्या ओढीतून सुटत नाही व अखेर मरण पावतो. उकल होते, परंतु सुटका होत नाही. खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेल्या या चित्रपटातील लता मंगेशकर यांच्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर प्रारंभी गायिका म्हणून ‘कामिनी’ या पात्राचेच नाव छापलेले होते, हा योगायोगही या विषयाला साजेसाच म्हणावा लागेल.

‘महल’चे संकलन बिमल रॉय यांनी केले होते. त्यांनीच दिग्दर्शित केलेला ‘मधुमती’ (१९५८) हे जणू त्या चित्रपटाला दिलेले उत्तर होय. कथा ऋत्विक घटक यांची. जमीनदार उग्रनारायणाच्या अत्याचारापासून वाचण्यासाठी मधुमतीने हवेलीच्या गच्चीवरून उडी घेतलेली असते. प्रेत मात्र सापडत नाही आणि कायद्याच्या दृष्टीने गुन्हाच घडलेला नसतो. नायक आनंद तिच्यासारख्या दिसणाऱ्या माधवीला भुताचे सोंग घ्यावयास सांगतो. ठरल्याप्रमाणे ‘भूत’ येते, पोलिसांच्या समक्ष जमीनदार गुन्हा कबूल करतो. आणि मग आनंदच्या ध्यानात येते, की तिने विचारलेले प्रश्न माधवीला ठाऊक असणे शक्यच नव्हते. खरी माधवी त्यानंतर पोचते. ब्राउनिंगच्या पद्धतीचा सापळा येथे पूर्णपणे रचलेला आहे. फक्त त्यात सोंगाच्या जागी खरे भूतच उभे राहते. साक्ष देण्यास कोणीही जिवंत नसताना न्याय कसा मिळावा, या प्रश्नाला पटकथेने दिलेले हे उत्तर आहे, केवळ चमत्कार नव्हे. प्रस्तुत प्रकारातील हा सर्वांत परिपक्व चित्रपट होय.

हीच अन्यायाची जाणीव ‘बीस साल बाद’ (१९६२) मध्येही आढळते. दिग्दर्शक बिरेन नाग व निर्माते-संगीतकार हेमंतकुमार यांचा हा चित्रपट आर्थर कॉनन डॉइलच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (१९०२) या कादंबरीवर सैलपणे आधारित आहे. डॉइलच्या खुन्याला वारसा हवा असतो. येथील खुनी मात्र ठाकूर घराण्याने मुलीवर केलेल्या अत्याचाराचा सूड घेतो. डॉइलच्या कुत्र्याच्या जागी दलदलीवरून ऐकू येणारा स्त्रीचा आवाज आला, यातच सर्व काही आले. गोपीचंद हा गुप्तहेर (असित सेन) विनोदी आहे, हेही बोलके आहे. जमीनदारी निर्मूलनाचे कायदे होत असतानाच्या या वर्षांत ओसाड हवेली पडद्यावर पुनःपुन्हा दिसावी, यात नवल नाही.

‘वह कौन थी?’ (१९६४) मध्ये राज खोसला यांनी भुताची उकल जुळ्या बहिणीने व संपत्तीच्या लोभाने केली. त्यातील वातावरण कथेपेक्षा सरस आहे. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या मराठी चित्रपटात मृत पत्नी आपणच असल्याचा दावा करणारी स्त्री न्यायालयात उभी राहते. यात अद्भुताचा केवळ भास आहे. त्यावरून खोसला यांनी ‘मेरा साया’ (१९६६) काढला. दोन्ही हिंदी चित्रपटांत साधना यांची दुहेरी भूमिका होती.

यानंतर शोधकर्त्याचे रूप बदलले. फाझिल यांच्या ‘मणिचित्रताळु’ (१९९३) या मलयाळम् चित्रपटात तो मनोविकारतज्ज्ञ आहे. नर्तकी नागवल्लीचे भूत म्हणजे नायिका गंगा हिचा मनोविकार, असे निदान तो करतो. उपचारासाठी मात्र त्याला मांत्रिकाच्याच विधीचा आधार घ्यावा लागतो. या कथेवरून कन्नड, तमिळ व हिंदीत (‘भूल भुलैया’, २००७) चित्रपट निघाले. रीमा कागती यांच्या ‘तलाश’ (२०१२) मध्ये मुंबई पोलिसांतील निरीक्षक एका नटाच्या मोटार अपघाताचा तपास करतो. त्याला माहिती पुरविणारी वेश्या रोझी हीच पूर्वी त्या नटाने व त्याच्या मित्रांनी मरणाच्या दारी सोडून दिलेली, नंतर गुपचूप पुरलेली स्त्री असते. तिच्या नाहीसे होण्याची कोणी दखलही घेतलेली नसते. अखेरीस निरीक्षक नदीकाठची माती उकरून तिचे अवशेष बाहेर काढतो आणि त्यांना अग्नी देतो.