सुटे मडफ्लॅप

सुटा मडफ्लॅप हा मोटार वाहनाच्या चाकामागे टांगलेला आणि गरजेनुसार हत्यारांशिवाय काढता-घालता येणारा रबराचा किंवा लवचीक प्लास्टिकचा पडदा होय. चाकाने उडवलेला चिखल, पाणी व खडी अडवणे हे त्याचे मुख्य काम. डांबरी रस्ता आणि शेतातील वा डोंगरातील कच्ची वाट या दोन्हींवर चालणाऱ्या जीप-प्रकारच्या वाहनांना असे मडफ्लॅप बसवतात. पक्क्या रस्त्यावर मडफ्लॅप मागून येणाऱ्यांचे संरक्षण करतो. खोल चिखलात व चढउतारावर मात्र तोच अडकून वाहनाचे नुकसान करू शकतो. महाराष्ट्रातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत काळ्या मातीच्या पाणंदी आणि राष्ट्रीय महामार्ग एकाच प्रवासात येत असल्याने हा प्रश्न तेथे विशेष जाणवतो.

नाव

वाहन-दुरुस्तीच्या व्यवसायात 'मडफ्लॅप' हा इंग्रजी शब्दच रूढ आहे. बोलण्यात कित्येकदा यालाही 'मडगार्ड' म्हटले जाते. परंतु मडगार्ड म्हणजे चाकावरचे वळणदार आच्छादन, तर मडफ्लॅप म्हणजे त्या आच्छादनाच्या मागील कडेपासून खाली लोंबणारा पडदा. सायकलच्या मडगार्डला खाली जोडलेला रबरी तुकडा हे याचे सर्वपरिचित लहान रूप आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनलेली काळी माती, म्हणजेच रेगूर, मराठवाड्याच्या मोठ्या भागात आढळते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजामुळे ती पाण्याने फुगते व वाळल्यावर भेगाळते. ओली असताना ती चाकाला थरावर थर चिकटते. नांदेड जिल्ह्यातील गोदावरीचे खोरे आणि लातूर जिल्ह्यातील मांजरा नदीचे खोरे येथे भारी काळ्या जमिनी आहेत. बालाघाटच्या डोंगररांगांवरील उंच भागात जमीन हलकी व मुरमाड आहे, तर नांदेडच्या उत्तरेकडील किनवट व माहूर हे तालुके डोंगराळ व वनव्याप्त आहेत. त्यामुळे एकाच वाहनाला कोठे चिखल, तर कोठे मुरूम व दगडगोटे यांना तोंड द्यावे लागते.

या भागातील पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. शेताकडे जाणाऱ्या पाणंदी व गाडीवाटा या महिन्यांत वाहतुकीस अवघड होतात. जमिनीला वाफसा येईपर्यंत शेतकरी औत घालत नाही, पण दूध, खत, मजूर वा आजारी माणूस यांच्यासाठी वाहनाला वाफशाची वाट पाहता येत नाही. दुसरीकडे तुळजापूर–लातूर–नांदेड–यवतमाळ हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आणि नांदेड–देगलूर मार्गे तेलंगणात जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ यांवर वेगवान वाहतूक असते. पाणंदीतून निघालेले वाहन थोड्याच वेळात अशा रस्त्यावर येते आणि चाकांत साचलेला चिखल व खडी मागे फेकू लागते. त्याचा पहिला फटका मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला बसतो.

भारतात जीपची जुळणी महिंद्रा कंपनीने १९४७ मध्ये सुरू केली. पुढे कमांडर, २००० मध्ये बोलेरो आणि २०१० मध्ये थार ही वाहने आली. मराठवाड्यात प्रवासी वाहतूक करणाऱ्या जीपला तिच्या रंगांवरून 'काळी-पिवळी' असे म्हणतात. शेतीकाम, प्रवासी वाहतूक व सरकारी दौरे यांसाठी अशी वाहने ग्रामीण भागात दीर्घकाळ वापरली गेली आहेत.

कार्यतत्त्व

फिरत्या चाकावरून सुटणारा खडा, वाहनातून पाहिल्यास, टायरच्या परिघाला स्पर्शिका असलेल्या रेषेत मागे व वर जातो. टायर जमिनीला जेथे टेकतो त्याच्या जवळ सुटलेला खडा जवळजवळ आडवा जातो. जितका तो वर सुटेल तितका त्याचा कोन मोठा असतो. मडफ्लॅपचा खालचा काठ जमिनीपासून किती वर आहे यावर कोणत्या कोनाचे खडे अडतील हे ठरते.

उदाहरणार्थ, ७२ सेंमी व्यासाच्या टायरच्या टेकण्याच्या जागेपासून ५० सेंमी मागे मडफ्लॅप असेल आणि त्याचा काठ जमिनीपासून १५ सेंमी वर असेल, तर सुमारे १९ अंशांपेक्षा अधिक कोनात उडणारे खडे अडतात. काठ २५ सेंमी वर असल्यास ही मर्यादा सुमारे ३२ अंशांवर जाते. दहा सेंमीच्या फरकाने बरेच खडे मोकळे सुटतात. म्हणून पक्क्या रस्त्यावर मडफ्लॅप शक्य तितका खाली असणे हिताचे ठरते. मोटारींच्या रॅली शर्यतींसाठी आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाच्या नियमांतही मडफ्लॅपचा खालचा काठ जमिनीपासून १० सेंमीपेक्षा उंच नसावा अशी अट आहे.

सुटेपणाची आवश्यकता

कच्च्या वाटेवर हाच खाली आलेला काठ अडचणीचा ठरतो.

१. मागे घेताना अडकणे : वाहन रिव्हर्समध्ये बांधावरून वा दगडावरून उतरत असताना मडफ्लॅप टायर व जमीन यांच्यामध्ये चिमटला जातो. चाक त्याला खाली ओढते आणि मडफ्लॅपबरोबर मडगार्डचा पत्राही फाटतो. या उपकरणामुळे होणारे हे सर्वांत नेहमीचे नुकसान आहे.

२. चिखल कोंडणे : ओली काळी माती मडफ्लॅप व टायर यांच्यामधील फटीत साचते. ती दाबली जाऊन घट्ट होते व चाक फिरणे जड होते.

३. चढण सोडताना घासणे : उतार संपून सपाटी लागते तेथे वाहनाचा मागचा भाग जमिनीजवळ येतो व मडफ्लॅप फरफटतो.

यावर कायम आखूड मडफ्लॅप लावणे हा एक उपाय आहे, पण त्याने रस्त्यावरील संरक्षण घटते. सुटा मडफ्लॅप पाणंदीच्या तोंडाशी काढून ठेवता येतो व डांबरी रस्त्यावर परतताना पुन्हा लावता येतो.

प्रकार

पिनवर टांगलेला : पट्टीला वेल्ड केलेले दोन खुंटे वाहनावरील अँगलच्या भोकांत शिरतात व मागून पिनने अडकतात. चिखलातही हा प्रकार सहज सुटतो.

खाचेचा : अँगलमध्ये वर अरुंद व खाली रुंद अशी कुलपाच्या भोकासारखी खाच असते. बोल्टचे डोके रुंद भागातून आत घालून पट्टी वर सरकवतात. मडफ्लॅप स्वतःच्या वजनाने पुन्हा खाली येऊ नये म्हणून खटका लावावा लागतो. खाचेत माती वाळल्यास सुटण्यास त्रास होतो.

पाकळी नटचा : हाताने फिरवता येणाऱ्या पंखाच्या नटने आवळलेला. करण्यास सर्वांत सोपा. मात्र आट्यांत चिखल भरल्यास नट फिरत नाही.

वर बांधण्याचा : मडफ्लॅप न काढता त्याचा खालचा काठ साखळीने वर ओढून हुकाला अडकवतात. वेळ वाचतो, पण दुमडलेल्या भागात माती साचते.

साहित्य

मडफ्लॅपसाठी ४ ते ६ मिमी जाडीचे, आत कापडाचा थर असलेले रबर उत्तम मानले जाते. कापडाच्या थरामुळे बोल्टच्या भोकापासून रबर फाटत नाही. कन्व्हेअरच्या जुन्या पट्ट्यात असे थर असतात, म्हणून तो मडफ्लॅपसाठी उपयोगी पडतो. ट्रकची जुनी ट्यूब स्वस्त असली तरी पातळ असल्याने वेगात मागे उडते व काम करत नाही. टायरची बाजू जाड व वक्र असते, त्यामुळे ती सरळ लोंबत नाही. नव्या प्लास्टिकपैकी पॉलियुरेथेन लवचीक व टिकाऊ, परंतु महाग असते.

३० सेंमी रुंद, ४० सेंमी लांब व ५ मिमी जाड रबराचे वजन पाऊण ते एक किलोच्या दरम्यान भरते. चिखल चिकटल्यावर ते बरेच वाढते. म्हणून केवळ मडगार्डच्या पत्र्यावर भार देणे टाळतात.

तयार करण्याची पद्धत

पिनवर टांगलेल्या प्रकाराची कृती पुढीलप्रमाणे असते.

मोजमाप : वाहन सपाट जागी, नेहमीच्या भारासह उभे करतात. मडफ्लॅपची रुंदी टायरच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी दोन ते तीन सेंमी अधिक ठेवतात. पुढील चाकांसाठी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कोठपर्यंत येतो ते पाहतात. मागील बाजूस सायलेन्सरच्या नळीपासून पुरेसे अंतर राखतात, कारण उष्णतेने रबर कडक होऊन तडकते.

खाका : प्रथम जाड पुठ्ठ्याचा खाका कापून जागेवर धरतात. एका बाजूचा खाका उलटा केल्यास बहुतेक वाहनांत दुसऱ्या बाजूला चालतो; तरी सायलेन्सर एकाच बाजूस असल्याने तपासणी आवश्यक ठरते.

कापणी : रबरावर खडूने आखून, धारदार सुरीला साबणाचे पाणी लावत कापतात. कोरडी सुरी रबरात अडकते. वरच्या काठाला बोल्टसाठी बंद भोकांऐवजी वर उघड्या खाचा ठेवतात. मडफ्लॅप चाकाखाली ओढला गेला तर तो या खाचांतून निसटून येतो आणि पत्रा वाचतो. सुटी जोडणी करूनही कोणी मडफ्लॅप काढण्यास विसरल्यास ही रचना उपयोगी पडते.

पट्टी : रबराचा वरचा काठ ४० मिमी रुंद व ५ मिमी जाड अशा दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये धरून ६ मिमीच्या तीन बोल्टांनी आवळतात. नायलॉनचे कडे असलेला नट वापरल्यास तो धक्क्यांनी सैल होत नाही. एका पट्टीला १२ मिमी व्यासाचे दोन खुंटे वेल्ड करतात व त्यांच्या टोकाजवळ पिनसाठी ५ मिमीचे आडवे भोक पाडतात.

अँगल : वाहनाच्या चासीवर किंवा मजबूत आडव्या भागावर कंपनीने ठेवलेल्या भोकांचा उपयोग करून ४० मिमीचा अँगल बोल्टने बसवतात. खुंट्यांसाठीची भोके १४ मिमीची ठेवतात. दोन मिमीची ही मोकळीक नसेल तर वाळलेल्या मातीमुळे खुंटा बाहेर येत नाही. वेल्डिंगचे काम सुटे भाग वाहनापासून दूर नेऊन करतात.

पिन : ट्रॅक्टरच्या अवजारांना लावतात तशी, पण लहान मापाची लिंच पिन यासाठी योग्य असते. तिचे कडे उलटून बसत असल्याने ती हादऱ्यांनी गळून पडत नाही, शिवाय ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानांत ती मिळते. पिन हरवू नये म्हणून बारीक साखळीने अँगलला बांधून ठेवतात.

रंग व खुणा : लोखंडावर रेड ऑक्साइडचा हात देऊन वरून रंग देतात. चारही मडफ्लॅपवर 'पुढचा डावा', 'मागचा उजवा' अशा खुणा केल्यास अंधारात वा पावसात लावताना गोंधळ होत नाही.

वापर व देखभाल

काढलेले मडफ्लॅप वाहनात सैल न ठेवता पट्ट्याने बांधतात. डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी टायरवरील चिखल काढणे आवश्यक असते, कारण मडफ्लॅप चिखल अडवतो, तो रस्त्यावर सांडणे थांबवत नाही. ऊस वाहतुकीच्या हंगामात शेतातून आलेली माती रस्त्यावर साचते व पाणी पडताच निसरडी होते. पावसाळ्यानंतर रबराची भोके, नट व वेल्डिंगचे सांधे तपासतात. रबरावर डिझेल वा ऑइल लागल्यास ते फुगून मऊ पडते, म्हणून साध्या पाण्याने धुणे योग्य ठरते.

कायदेशीर बाजू

नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा वाहनातील बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार करता येत नाही. असलेल्या भोकांत बोल्टने बसवलेल्या अँगलमुळे वाहनाची मूळ रचना बदलत नाही. चासीला नवी भोके पाडणे वा वेल्ड करणे मात्र तिच्या मजबुतीस बाधक असते. मडफ्लॅपमुळे नंबरप्लेट, मागील दिवे वा परावर्तक झाकले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

मर्यादा

सुट्या मडफ्लॅपची खरी उणीव यंत्राची नसून सवयीची आहे. काढलेला मडफ्लॅप परत लावला नाही, तर वाहनचालकाला त्याचा काहीच त्रास होत नाही; त्रास मागच्याला होतो. काच फुटणे किंवा दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत चिखल जाणे हे चालकाला आरशातही दिसेलच असे नाही. त्यामुळे जोडणी जितकी सोपी व जलद, तितकी ती प्रत्यक्षात वापरली जाण्याची शक्यता अधिक असते. एका माणसाला चिखलाने माखलेल्या हातांनी काही मिनिटांत चारही मडफ्लॅप लावता यावेत, हा चांगल्या रचनेचा निकष ठरतो.

हेही पहा

मडगार्ड
काळी माती
पाणंद रस्ता
महिंद्रा थार
रस्ता सुरक्षा