उत्तर प्रांताची लुप्त बोली

वाचकहो, बेटेगावाहून बोईसरमार्गे तारापूरला गेलात तर पोर्तुगीज अमलातील किल्ला दृष्टीस पडेल. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला आणि 1739 साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूर व वसई मराठ्यांकडे आली. हा इतिहास आपण शाळेत शिकलो. परंतु या दोनशे वर्षांत येथे एक बोली जन्मास आली व पुढे नाहीशी झाली, हे फारसे कोणी सांगत नाही.

चौलपासून दमण-दीवपर्यंतच्या ठाण्यांना पोर्तुगीज ‘उत्तर प्रांत’ म्हणत. शिपाई, व्यापारी, पाद्री आणि स्थानिक रहिवासी यांच्या व्यवहारातून तेथे एक मिश्र बोली तयार झाली. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, वळण मात्र देशी. मूळचे गोव्याचे भाषापंडित पाद्री सेबास्तियांव रोदोल्फु दाल्गादो यांनी 1906 साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे मुंबई-वसईकडे ती बोलणारे कोणी उरले नाही. उरले ते वर्णन. आपल्या किनाऱ्यावरील मुस्लिम घरांतूनही कोकणी बोली चालते. मुले आजीला तिच्यातच उत्तर देतात काय, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

या बोलीच्या दोन बहिणी मात्र हयात आहेत. दमणवर पोर्तुगीज राज्य 1961 पर्यंत टिकले, म्हणून तेथील बोली मूळ पोर्तुगीजला अधिक जवळ राहिली. रेवदंड्याजवळील कोर्लईचा संबंध 1740 सालीच तुटला. भोवती सारी मराठी! तेथील लोकांनी शब्द पोर्तुगीजच ठेवले, पण क्रियापद आपल्यासारखे वाक्याच्या शेवटी आणून बसविले. दूर बाल्टिक समुद्राकाठीही असेच घडले. जुनी प्रशियन भाषा जर्मनच्या दडपणाखाली अठराव्या शतकाच्या आरंभी लोपली. तिच्या बहिणी लिथुआनियन व लाटव्हियन आजही बोलल्या जातात.

पोर्तुगीज गेले तरी त्यांचे शब्द आपल्या घरी राहिले: चावी, बिजागरी, घमेले, बटाटा, पाव, इतकेच काय, तुरुंगसुद्धा. ‘साबण’ हा अरबी ‘साबून’वरून आला की पोर्तुगीज ‘साबांव’वरून, यावर हवा तेवढा वाद घालावा. सर्वांत लांबचा प्रवास ‘लिलाव’ या शब्दाचा. तो मूळचा अरबी. अरबांच्या राजवटीत पोर्तुगीज भाषेत शिरला, तेथे ‘लैलांव’ झाला आणि पोर्तुगीजांबरोबर समुद्रमार्गे आपल्या बंदरांत उतरला.