रुळांवरची बोली

माझे वडील सांधेवाले होते. तरुण मित्रांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, ते हाडवैद्य असावेत. मग खुलासा करावा लागतो. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर न्यायची असेल, तर मध्ये रुळांचे दोन निमुळते, हलते तुकडे असतात. ते या बाजूला सरकवले की गाडी इकडे जाते, त्या बाजूला सरकवले की तिकडे. हा सांधा आणि तो बदलणारा माणूस सांधेवाला. अब्बांची सारी नोकरी एका मोठ्या जंक्शनच्या यार्डात गेली. मी पुढे बी. ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो. पण शब्द जपून वापरावा, हा धडा मला त्या यार्डानं दिला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान अशा नावांची तीन इंजिनं. इंजिनं इंग्लंडहून आली, तसे सिग्नल, पॉइंट, शंटिंग हे शब्दही आले. पण काम करणारे हात इथले होते आणि त्यांच्या तोंडी आपले शब्द होते. खलाशी जहाजावरून उतरून रेल्वेत आला. मुकादम आणि कंदील हे मूळचे अरबी शब्द मराठीत केव्हाच रुळलेले होते, ते रुळांवरही आले. अशी एक सरमिसळ बोली तयार झाली. तिची एकच अट होती : एका शब्दाचा एकच अर्थ. कवितेत एका शब्दाला चार अर्थ असले तर वाहवा मिळते. रुळावर दोन अर्थ निघाले तरी माणसं मरतात.

आता 'अप' आणि 'डाऊन' पाहा. आपल्या मध्य रेल्वेवर मुंबईकडे येणारी गाडी अप आणि मुंबईहून निघालेली डाऊन. १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. तिथं ३७ फूट पुढं गेलं की एक फूट वर, असा चढ आहे. मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जत सोडल्यावर हा चढ चढते. मागून जादा इंजिनं लावून तिला ढकलावं लागतं. त्या इंजिनांना बँकर म्हणतात. एवढी धापा टाकत वर जाते, तरी ती डाऊनच! लहानपणी मला याचं हसू यायचं. अब्बा म्हणत, "डोंगर काय म्हणतो ते बघायचं नाही, ठरलंय काय ते बघायचं."

घाट उतरणाऱ्या गाडीसाठी तिथं कॅच सायडिंग असतात. म्हणजे मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा एक आखूड रूळ. सांधा एरवी त्या चढाकडेच लावलेला असतो. गाडी अलीकडे थांबली, म्हणजे ब्रेक लागतो आहे अशी खात्री पटली, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक लागलाच नाही, तर ती सुटी गाडी चढावर जाऊन थांबते. माणूस चुकेल, यंत्र चुकेल, हे आधीच धरून केलेली ही रचना आहे.

एकेरी मार्गावरही तोच विचार. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून पुढच्या स्टेशनाची परवानगी घ्यायची. तिचं नाव 'लाईन क्लिअर'. त्या परवानगीची खूण म्हणून यंत्रातून लोखंडी गोळा निघे. वेताच्या कड्याला बांधलेल्या पिशवीतून तो ड्रायव्हरच्या हाती जाई. गोळा जवळ नसेल तर पुढं जायचं नाही. आणि एक गोळा बाहेर असेतो त्या टप्प्यासाठी दुसरा निघतच नसे.

यार्डात मात्र सगळं हातांवर चाले. आलेल्या मालगाड्यांचे डबे सोडवायचे, गावांप्रमाणे वेगळे करायचे आणि नव्या गाड्या जुळवायच्या. इंजिनानं डबे असे मागे-पुढे नेणं म्हणजे शंटिंग. दोन डबे जोडायला किंवा सोडवायला माणूस बफरांच्या मध्ये वाकून शिरे.

मी बारा वर्षांचा असेन. संध्याकाळी अब्बांचा डबा घेऊन गेलो. त्यांची झेंडी बाकावर होती. ते पाणी पीत होते. मी हिरवी झेंडी उचलली आणि सावकाश वर-खाली केली. समोरच्या इंजिनाच्या ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. तो जागचा हलला नाही. त्यानं फक्त जोरात शिटी मारली. अब्बा धावत आले आणि झेंडी हिसकावून घेतली. मग डब्यांच्या मधून हाताचं ग्रीस पुसत एक जण बाहेर आले. अब्बांचे सोबती, मी त्यांना मामा म्हणायचो.

अब्बांनी मारलं नाही. म्हणाले, "मामांची माफी माग. का, ते घरी सांगतो." रात्री कंदील हातात घेऊन त्यांनी दाखवलं. हिरवा दिवा वर-खाली केला तर 'माझ्यापासून दूर जा'. अंगासमोर आडवा हलवला तर 'माझ्याकडे ये'. "यार्डात हात हलवणं म्हणजे बोलणं, बेटा. आणि तिथं बोललेलं मागे घेता येत नाही."

ते यार्ड आता पूर्वीसारखं राहिलं नाही. १९८०च्या दशकापासून एकाच मालाची, एकाच ठिकाणी जाणारी अखंड गाडी चालवण्यावर भर आला आणि डबे निवडण्याचं काम आटलं. सांधे आता बहुतेक ठिकाणी मोटारीवर, बटण दाबून बदलतात. गार्डला २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. तक्रार नाही, बफरांमध्ये वाकणारी माणसं कमी झाली, हे चांगलंच झालं.

बोली मात्र आपल्या घराघरांत शिरून बसली आहे. संसाराची गाडी रुळावर येते, आयुष्य सांधा बदलतं, कुणी सायडिंगला पडतं. प्रकल्पाला हिरवा कंदील मिळाल्याची बातमी तर रोज असते. निवृत्तीनंतर अब्बांना मी पेपर वाचून दाखवायचो. अशी बातमी आली की ते हमखास थांबवत आणि विचारत, "कंदील कुणी दाखवला ते कळलं. डब्यांच्या मध्ये कुणी नाही ना, ते बघितलं का?"