घरी बिटकॉइनचं मशीन लावायचंय? आधी लाईट बिल घेऊन बसा

‘घरबसल्या मशीन लावा, रोज पैसे मिळवा’ अशा जाहिराती मोबाईलवर येत असतात. जुनी मायनिंग मशीनही विकायला निघालेली दिसतात. सोनं गहाण ठेवून किंवा उसनवारी करून असं मशीन घेण्याआधी कोणतं मशीन किती वीज खातं आणि किती कमावतं, हे समजून घेणं गरजेचं आहे.

मायनिंग म्हणजे काय?

बिटकॉइन २००९ मध्ये सुरू झालं. त्याच्या व्यवहारांची वही जगभरातली मशीन मिळून सांभाळतात. त्यासाठी प्रत्येक मशीन एक आकडा शोधत असतं. साधारण दर १० मिनिटांनी एकाला तो सापडतो आणि त्याला बक्षीस मिळतं. सुरुवातीला हे बक्षीस ५० बिटकॉइन होतं. दर चार वर्षांनी ते निम्मं होतं. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे, म्हणजे जगभरात मिळून दिवसाला सुमारे ४५० नवे बिटकॉइन. २०२८ च्या सुमारास ते पुन्हा निम्मं होईल.

मशीनचा वेग ‘टेराहॅश’मध्ये मोजतात. एकट्याला बक्षीस लागणं अवघड, म्हणून बहुतेक जण ‘पूल’मध्ये सामील होतात आणि आपल्या वेगाच्या हिशेबाने वाटा घेतात.

हिशेब कसा धरला?

सगळ्या जगातल्या मशिनींचा एकत्र वेग १०० कोटी टेराहॅश (२०२५ मध्ये तो या आकड्यापर्यंत पोहोचला), बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये आणि वीज १० रुपये युनिट, असं धरलं आहे. पूलचं कमिशन धरलेलं नाही. भाव आणि वेग रोज बदलतात, त्यामुळे आकडे अंदाजाचे समजावेत.

कोणतं मशीन कसं?

• अँटमायनर एस९ (२०१६ चं मॉडेल): वेग सुमारे १३.५ टेराहॅश, वीज सुमारे १३५० वॅट. दिवसाला ३२ युनिट, म्हणजे ३२४ रुपये बिल. कमाई अंदाजे ४९ रुपये. जुन्या बाजारात स्वस्त मिळतं, पण बिलाच्या मानाने घाटा सगळ्यात वाईट.

• अँटमायनर एस१९ प्रो (२०२०): ११० टेराहॅश, ३२५० वॅट. दिवसाला ७८ युनिट, बिल ७८० रुपये, कमाई अंदाजे ३९६ रुपये.

• अँटमायनर एस२१: २०० टेराहॅश, ३५०० वॅट. दिवसाला ८४ युनिट, बिल ८४० रुपये, कमाई अंदाजे ७२० रुपये. वीज ८ रुपये ५७ पैशांच्या आत मिळाली तरच बिल निघतं. मशीनची किंमत वसूल होणं पुढची गोष्ट.

• ॲव्हलॉन नॅनो ३ (घरगुती, छोटं): ४ टेराहॅश, १४० वॅट, म्हणजे दोन पंख्यांएवढी वीज. बिल ३४ रुपये, कमाई अंदाजे १४ रुपये. थंडीत खोली गरम करायला परदेशात वापरतात.

• बिटॲक्स गॅमा (तळहाताएवढं): १.२ टेराहॅश, सुमारे १८ वॅट. बिल ४ रुपये, कमाईही ४ रुपयांच्या आसपास. पूलमध्ये न जाता एकट्याने बक्षिसाची वाट पाहिली, तर आजच्या वेगाने सरासरी १५ हजार ८०० वर्षांत एकदा नंबर लागेल. शिकायला, हौसेला ठीक. धंदा नाही.

मशीन घेताना किंमत नव्हे, तर वॅट भागिले टेराहॅश हा आकडा बघावा. तो एस९ चा १००, एस१९ प्रोचा साधारण ३०, एस२१ चा १७.५ येतो. जितका कमी तितकं मशीन चांगलं.

गावात लावलं तर?

एस२१ म्हणजे जवळजवळ पाच एचपीची मोटर चोवीस तास चालू ठेवण्यासारखं. महिन्याला २५०० युनिट होतात. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते आणि ५०० युनिटच्या वरचा टप्पा सगळ्यात महाग, त्यामुळे १० रुपयांचा हिशेबही कमीच पडेल. मशीन १५ अँपिअर ओढतं. जुन्या वायरिंगवर, साध्या बोर्डावर लावलं तर वायर तापून आग लागू शकते.

मोठ्या मशिनींना साधारण २०० व्होल्टच्या वर दाब लागतो. संध्याकाळी डीपीवर लोड आला की आपल्याकडे तेवढा दाब राहत नाही. एस१९ प्रोसारखं मशीन ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालवायचं असतं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय होईल ते सांगायला नको. आवाज ७५ डेसिबलच्या आसपास, म्हणजे मिक्सर रात्रंदिवस चालू. लाईट गेली की कमाईही बंद.

शेतीपंपाच्या विजेवर चालेल का?

नाही. शेतीपंपाची सवलतीची किंवा मोफत वीज फक्त पंपासाठी आहे. मंजूर कारणाशिवाय वापर केल्यास वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होते. आकडा टाकला तर कलम १३५ खाली वीजचोरीचा गुन्हा.

सोलर लावलं तरी ३ किलोवॉटचा घरगुती संच दिवसाला साधारण १२ युनिट देतो. एस२१ ला २१ किलोवॉटचा संच लागेल.

कर किती?

मायनिंगवर देशात बंदी नाही, पण बिटकॉइन हे मान्यताप्राप्त चलनही नाही. १ एप्रिल २०२२ पासून विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस लागतो. मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च खरेदी किंमत म्हणून वजा होणार नाही, असं सरकारने २०२२ मध्ये संसदेत सांगितलं आहे. तोटा झाला तर तो दुसऱ्या कमाईतून वळता करता येत नाही.

‘मशीन आमच्याकडे, पैसे तुमचे’ असं म्हटलं तर?

गेनबिटकॉइन योजनेत मायनिंगच्या नावाखाली १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष दाखवलं होतं. राज्यातले अनेक जण त्यात बुडाले आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटका केल्या. मोबाईल ॲपवर ‘मायनिंग’ होतं म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहावं, मोबाईलमध्ये तेवढी ताकदच नसते. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करावा.

तरीही घ्यायचंच असेल तर

१. आपल्या बिलावरचा सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर बघा. वॅट गुणिले २४, भागिले १००० केलं की दिवसाचे युनिट येतात. त्यांना दराने गुणा.
२. जुनं मशीन समोर चालू करून बघा. या अँटमायनर मशिनींमध्ये तीन बोर्ड असतात. एक बंद असेल तर वेग तिसऱ्या हिश्श्याने कमी.
३. वायरमनकडून वेगळी लाईन आणि अर्थिंग करून घ्या. मंजूर लोड तपासा.
४. कर्ज काढून घेऊ नका. घरगुती दराने वरच्या यादीतलं एकही मशीन आज स्वतःची किंमत फेडत नाही.