नवव्या नंबरची मुलगी

परवा शनिवारी इथे खांदा कॉलनीत भाचीची खो-खोची मॅच बघायला गेलो होतो. आमच्या बाईसाहेब नवव्या नंबरवर. पहिल्या दोन तुकड्या इतक्या छान पळाल्या की वेळच संपला आणि हिला संरक्षणाची संधीच मिळाली नाही. घरी येईपर्यंत तोंड फुगलेलं!

खरं तर हा खेळाचाच स्वभाव. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बांधायला घेतले तो हा खेळ. आक्रमणात नऊही जणी मैदानात, सगळ्यांना खो मिळण्याची शक्यता. पण संरक्षणाला तीन-तीनची तुकडी, तीही आधी लिहून दिलेल्या क्रमाने. म्हणजे कोण किती पळणार हे बरंचसं सरांच्या कागदावर ठरतं. शेवटच्या तुकडीने मैत्रिणी लवकर बाद व्हाव्यात अशी इच्छा करायची की काय?

पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाड्याला झाली. महिलांची पुढच्याच वर्षी, आपल्या कोल्हापुरात. तेव्हापासून किती नवव्या नंबरच्या मुली खेळ सोडून गेल्या असतील, कोण मोजणार?

उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) सारिका काळेनेही 2016 मध्ये घरच्या आर्थिक ओढाताणीमुळे खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घालून तिला परत आणलं. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. क्रम लावणं हे सरांचं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे बसलेल्या मुलीशी बोलणं.

असो. भाची सोमवारी प्रॅक्टिसला जाणार म्हणते. मी तिला एवढंच सांगितलं, "सरांना विचार, मी वर यायला काय करू?"