मोटारीच्या दिव्याला लावलेली तीट

अंधेरीचा लिंक रोड असो, बोरिवली स्टेशनाबाहेरचा रस्ता असो की घाटकोपरहून मुलुंडकडे जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग असो, मोटारींचं सामान विकणाऱ्या दुकानांसमोर हल्ली एक काम हमखास चाललेलं दिसतं. नवी कोरी गाडी उभी असते. दुकानातला पोरगा तिच्या पुढच्या दिव्यावर साबणाचं पाणी फवारतो, त्यावर पारदर्शक फिल्मचा तुकडा ठेवतो आणि रबराच्या पट्टीनं आतलं पाणी मधून कडेकडे लोटत नेतो. वळणावर फिल्म बसेना झाली की गरम हवेचं यंत्र धरतो. शेवटी पात्यानं कडा कापतो. गाडीचा मालक शेजारी उभा राहून एकेका बुडबुड्याकडे बोट दाखवत असतो.

दिव्यावर काहीतरी चिकटवण्याची ही रीत नवी वाटते, पण तशी ती जुनी आहे. गेल्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत या शहरानं मोटारींच्या दिव्यांवर काळे कागद चिकटवले, काळा रंग फासला, पिवळे कागद लावले आणि आता ही पारदर्शक फिल्म आली. दर वेळी कारण वेगळं होतं. कधी आभाळातल्या शत्रूपासून लपायचं होतं, कधी समोरून येणाऱ्याचे डोळे वाचवायचे होते, आणि आता आपलाच दिवा वाचवायचा आहे. दिव्यावर काय चिकटवलं यापेक्षा ते कोणासाठी चिकटवलं, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

मुंबईत पहिल्या मोटारी आल्या त्या 1898 च्या सुमाराला. तेव्हाच्या मोटारींना विजेचे दिवे नव्हते. कार्बाइडवर पाणी ठिबकवायचं, त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू पेटवायचा आणि त्या ज्योतीच्या उजेडात रस्ता शोधायचा, असा कारभार होता. पुढे 1912 नंतर मोटारीतच वीज तयार करण्याची सोय रूढ होत गेली आणि दिवे प्रखर झाले. दिवे प्रखर झाले तसे समोरच्याचे डोळे दिपू लागले. यावर उपाय म्हणून 1924 मध्ये एकाच बल्बमध्ये दोन तारा असलेला दिवा जर्मनीत निघाला. एक तार लांबवर झोत टाकणारी, दुसरी झोत खाली आणणारी. आपले ट्रकवाले ज्याला ‘डिपर’ म्हणतात, त्याचं मूळ इथं आहे. ट्रकच्या पाठीवर रंगवलेलं ‘यूज डिपर ॲट नाइट’ आपण इतक्या वेळा वाचलंय की आता ते दिसेनासं झालंय.

मग युद्ध आलं आणि दिव्याचा अर्थच बदलला. 1 सप्टेंबर 1939 पासून इंग्लंडमध्ये ब्लॅकआउट सुरू झाला. मोटारीच्या दिव्यावर पत्र्याचा मुखवटा बसवायचा, त्याला आडव्या फटी, फटींवर छोटे छज्जे, म्हणजे उजेड फक्त खाली रस्त्यावर पडेल आणि विमानातून दिसणार नाही. गाड्यांचे बंपर, फुटपाथच्या कडा, झाडांचे बुंधे पांढरे रंगवले गेले. तरीही त्या पहिल्या सप्टेंबर महिन्यात रस्त्यावरच्या अपघातांत 1,130 माणसं मेली. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात हा आकडा 554 होता. 1941 सालात तर तिथं 9,169 जण रस्त्यांवर मरण पावले. वस्त्यांमध्ये रात्रीचा वेग ताशी 20 मैलांवर आणावा लागला. सुरुवातीच्या त्या महिन्यांत इंग्लंडच्या शहरांवर बॉम्ब पडलेच नव्हते, पण अंधारानं आपलं काम सुरू केलं होतं. दिवा झाकण्याची किंमत किती असते, हे यावरून कळतं.

हे युद्ध आपल्या दाराशी आलं ते 1942 च्या एप्रिलमध्ये. 5 तारखेला जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला आणि 6 तारखेला विशाखापट्टणम् आणि काकिनाडावर बॉम्ब पडले. मुंबई त्या माऱ्यापासून दूर होती, तरी बंदराचं शहर म्हणून इथंही दिवे मंद करण्याचे, झाकण्याचे हुकूम होते. मोटारी तेव्हा मूठभर लोकांकडे. त्यामुळे दिव्याला काळा रंग लावण्याचा तो पहिला अनुभव उपनगरातल्या सामान्य माणसापर्यंत फारसा पोचला नाही. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ही तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेरची गावं होती. रात्री तिथं अंधारच असायचा, त्यासाठी हुकमाची गरज नव्हती.

1965 आणि 1971 ची गोष्ट निराळी. तोवर उपनगरं भरू लागली होती. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाट तयार होत होत्या आणि त्यातल्या कितीतरी काळ्या-पिवळ्या रंगात टॅक्सी म्हणून रस्त्यावर येत होत्या. 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ले केले आणि मुंबईत पुन्हा ब्लॅकआउट आला. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, रस्त्यावरचे दिवे विझले आणि मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा झाला. भोंगा वाजला की वॉर्डन मंडळी गल्लीतून ओरडत जायची, बत्ती बंद करा!

मी तेव्हा पाळण्यात होतो. पण आमचे अब्बा अंधेरी स्टेशनाच्या स्टँडवर टॅक्सी चालवायचे, त्यामुळे ती चौदा दिवसांची लढाई मी पुढं वर्षानुवर्षं ऐकत आलो. आमच्या चाळीत खळ शिजवली अम्मीनं, काळा कागद आणला शेजारच्या मास्तरांनी, आणि कापून चिकटवायचं काम अब्बांकडे आलं. आधी खिडक्या झाल्या, मग स्टँडवरच्या टॅक्सी. कागद दवानं भिजून सुटायला लागला तेव्हा सगळ्यांनी ब्रश घेऊन काळा रंगच लावला. अब्बा म्हणायचे, ‘‘त्या रात्री गाडी डोळ्यांनी चालवली नाही, कानांनी चालवली.’’ पुढं माणूस आहे हे त्याच्या चपलेच्या आवाजावरून ओळखायचं. स्टेशनावर उतरलेल्या बायाबापड्यांना पोचवायचं तर होतंच. मग ते खिडकीची काच खाली करून, डोकं बाहेर काढून, चालण्याच्या वेगानं गाडी नेत. अर्ध्या झाकलेल्या दिव्याच्या उजेडात त्यांना दिसायचा तो चार पावलं रस्ता. तेवढ्यात कोणी आडवं आलं तर थांबता यावं इतकाच वेग ठेवायचा, हा त्यांचा नियम. त्यांनी तो पुढं कायम पाळला.

16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली. खिडक्यांवरचे कागद निघाले. दिव्यांवरचा रंग मात्र बऱ्याच गाड्यांवरून पूर्ण गेला नाही, आणि पुढं त्याला एक वेगळाच अर्थ आला. दिव्याच्या काचेवर वरच्या बाजूला काळा अर्धगोल किंवा मध्ये काळा ठिपका लावण्याची रीत आपल्या देशात अनेक वर्षं चालली. अनेक शहरांत वाहतूक पोलीस रस्त्यात उभे राहून गाड्यांच्या दिव्यांवर काळे ठिपके लावत. आता शत्रू आभाळात नव्हता. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याचे, हातगाडीवाल्याचे डोळे दिपू नयेत, एवढाच हेतू होता.

आपल्याकडे बाळाच्या गालावर काजळाची तीट लावतात. हिंदूंच्या घरात लावतात, आमच्याही घरात लावतात. बाळाला कोणाची नजर लागू नये म्हणून. मोटारीच्या दिव्याची तीट मात्र उलटी होती. आपल्या दिव्याची नजर दुसऱ्याला लागू नये, म्हणून ती लावलेली. मला तिचं कौतुक वाटतं ते यासाठी. शास्त्र म्हणून बघाल तर ती फारशी कामाची नव्हती. काळा ठिपका लावला म्हणून झोत खाली वळत नाही, उजेड फक्त कमी होतो. दिव्याचा कोन नीट लावणं आणि समोर गाडी दिसली की डिपर देणं, हाच खरा उपाय. उपाय कच्चा होता, पण त्यामागचा विचार पक्का होता.

फ्रान्सनं हाच विचार कायद्यात आणला होता. तिथं 1936 च्या कायद्यानं मोटारींचे पुढचे दिवे पिवळेच असावेत असं ठरलं आणि तो नियम 1993 पर्यंत टिकला. पिवळा उजेड डोळ्यांना कमी खुपतो, अशी समजूत त्यामागे होती. इंग्लंडहून फ्रान्सला जाणारे लोक आपल्या दिव्यांवर पिवळा रंग किंवा पिवळा कागद लावत. शिवाय इंग्लंडमध्ये गाड्या डावीकडून चालतात आणि फ्रान्समध्ये उजवीकडून. इंग्रजी दिव्याचा खाली वळवलेला झोत डाव्या कडेकडे झुकलेला असतो, तो फ्रान्समध्ये नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जायचा. म्हणून काचेच्या ठरावीक भागावर पट्टी चिकटवायची. म्हणजे परक्या मुलुखात शिरताना आपल्या दिव्याला आधी तिथली रीत शिकवायची.

आता आजच्या फिल्मकडे येऊ. फियाटच्या गोल दिव्याला जाड काच होती. फुटली तर दुसरी बसवायची, नाही तर ती पिढ्यान् पिढ्या तशीच. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईतून गेली ती ऑक्टोबर 2023 मध्ये. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत आहे. त्या टॅक्सीच्या दिव्यांची काच शेवटपर्यंत पिवळी पडली नाही. नव्या गाड्यांच्या दिव्यांना आपण सवयीनं काच म्हणतो, पण ते असतं पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक. ते हलकं, सहज न फुटणारं आणि हवं तसं वळवता येणारं आहे. पण उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर कडक लेप देतात. ऊन, धूळ आणि घासपुशीनं तो लेप झिजला की दिवा आधी धुरकट होतो, मग पिवळा पडतो. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा. आपल्या उपनगरांत बहुतेक गाड्यांना छप्पर नाही. सोसायटीच्या आवारात, पुलाखाली, रस्त्याच्या कडेला त्या बारा महिने उभ्या असतात. मग दिवे लवकर म्हातारे झाले तर नवल नाही.

अशा दिव्याचा उजेड नुसता कमी होत नाही, तो पसरतो. रस्त्यावर पडायचा तो वर उधळतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणजे चालवणाऱ्याला दिसत नाही आणि समोरच्यालाही दिसत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसा हा दिव्यापुढचा अंधार. चांगली पारदर्शक फिल्म त्या लेपाचं ऊन आणि खडीपासून रक्षण करते, म्हणून ती लावण्यात वावगं काही नाही. ही फिल्म पॉलियुरेथेनची असते. अशा फिल्मचा उगम व्हिएतनामच्या युद्धात, हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूखड्यांपासून जपण्यासाठी झाला, असं सांगतात. म्हणजे दिव्यावरची ही पट्टीसुद्धा लढाईतूनच आली. मात्र आधीच पिवळ्या पडलेल्या दिव्यावर ती लावली तर पिवळेपणा आत कोंडला जातो. आधी दिवा घासून साफ करायचा, मग फिल्म.

पण त्याच दुकानात काळसर फिल्मही मिळते. दिव्याला गॉगल घातल्यासारखी ती दिसते, आणि तरुण पोरांना ती आवडते. खिडक्यांच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं 27 एप्रिल 2012 रोजी बंदी घातली, कारण आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसायला हवं. दिव्याची काळी फिल्म याहून वाईट. तिच्यामुळे रस्ताच दिसत नाही. ब्लॅकआउटमध्ये दिवे काळे केले तेव्हा गाड्याही सावकाश चालत होत्या. आता दिवा काळा आणि वेग मात्र हायवेचा. दुसऱ्या टोकाला, काही जण नियमाबाहेरचे इतके प्रखर पांढरे बल्ब बसवतात की समोरच्याला क्षणभर आंधळं व्हायला होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये आहेत, आणि दिव्यानं समोरच्याचे डोळे दिपू नयेत हे त्यांत लिहिलेलं आहे. वाचणारे थोडे.

आपल्या देशात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसं मेली. त्यांत 32 हजारांहून जास्त पायी चालणारे होते. पायी चालणाऱ्याला दिवा नसतो. रात्री आरे कॉलनीच्या रस्त्यानं सायकलवर जाणारा दूधवाला असो की ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे ओलांडणारी कामवाली बाई, तिचा जीव दुसऱ्याच्या दिव्यावर अवलंबून असतो.

म्हणून दिव्यावर काही चिकटवायला जाल तेव्हा त्या पोराला आणखी एक काम सांगा. गाडी सपाट जागेवर उभी करून झोत समोरच्या भिंतीवर पाडायला लावा. डिपरचा झोत दिव्याच्या उंचीपेक्षा खाली पडतोय ना, ते बघा. जास्त वर असेल तर तिथल्या तिथे खाली करून घ्या. दोन स्क्रू फिरवण्याचं काम आहे. फिल्म तुमच्या दिव्याला जपेल, हे काम तुम्ही ज्याला कधी भेटणार नाही त्याला जपेल.